‘साराभाई वर्सेस साराभाई’: समोरच्या दारातली सासू आणि न बदलणारी सून

‘क्यूँकी सास भी कभी बहू थी’ जोरात सुरू होती, तेव्हाची गोष्ट. मालिकेतली सासू म्हणजे कारस्थान आणि सून म्हणजे अश्रू, हे समीकरण पक्कं झालं होतं. अशा वेळी १ नोव्हेंबर २००४ रोजी स्टार वन वाहिनीवर ‘साराभाई वर्सेस साराभाई’ सुरू झाली. इथे सासू-सुनेचं पटत नव्हतंच. पण कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नव्हतं.

घरात कोण कोण?

मुंबईतल्या कफ परेडमध्ये राहणारं हे श्रीमंत गुजराती कुटुंब. इंद्रवदन (सतीश शाह) आणि माया (रत्ना पाठक शाह) हे आई-वडील. थोरला साहिल (सुमीत राघवन) कॉस्मेटिक सर्जन, त्याची बायको मोनिशा (रुपाली गांगुली). धाकटा रोसेश (राजेश कुमार) नाटकात काम करतो आणि सगळ्यांना कविता ऐकवतो. लेखन आतिश कपाडिया यांचं, दिग्दर्शन देवेन भोजानी यांचं.

साहिल-मोनिशाचं बिऱ्हाड वेगळं आहे, पण अगदी समोरच्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे सासूबाई कधीही दारात हजर!

नावापासून सुरू झालेली लुडबुड

मोनिशाचं खरं नाव मनीषा. मायाला ते फार ‘मिडल क्लास’ वाटलं, म्हणून तिने ते बदलून टाकलं. लग्नानंतर सुनेचं नाव बदलणं मराठी घरांनाही नवं नाही. पण इथे कारण परंपरेचं नाही, प्रतिष्ठेचं आहे. सून घासाघीस करून खरेदी करते, घरात पसारा ठेवते, टीव्हीवरच्या मालिका आवडीने बघते. या प्रत्येक गोष्टीवर माया हसतमुखाने टोमणा मारते. आवाज चढत नाही, शब्दही सभ्य असतात, म्हणून तो अपमान पटकन ओळखूच येत नाही.

सासरे सुनेच्या बाजूने?

वरवर पाहता हो. इंद्रवदन मोनिशाची बाजू घेतो, पण बऱ्याचदा बायकोची खोडी काढायला. ‘मम्मा’च्या लाडक्या रोसेशला तर तो सोडतच नाही. दोघींचं भांडण पेटलं की आगीत तेल ओतायला हाच पुढे. म्हणजे सुनेचा हक्काचा माणूसही लुडबुड्याच.

त्यात नातेवाइकांची भर. जावई दुष्यंत दिसेल ते यंत्र उघडून समजावत बसतो. ही भूमिका स्वतः भोजानींनी केली. कमी ऐकू येणारे मधुसूदन फुवा, म्हणजे आपल्याकडचे आतोबा, साध्या संवादाचाही गोंधळ करतात.

साहिलची अवघड जागा

बहुतेक मालिकांत सासू-सुनेच्या भांडणात मुलगा गप्प असतो. साहिलला मात्र दोघींनाही उत्तर द्यावं लागतं. बायकोच्या पसाऱ्याने तो वैतागतो, पण तिने आईसारखं व्हावं असा हट्ट धरत नाही. मोनिशाही खचत नाही आणि बदलतही नाही. म्हणूनच मायाचे टोमणे प्रेक्षकाला हसवतात. सून मनातून मोडली असती, तर त्याच वाक्यांवर हसू आलं नसतं.

पुढे काय झालं?

टीआरपी कमी असल्याने मालिका २००६ मध्ये थांबली. खरी लोकप्रियता पुनःप्रसारणातून मिळाली आणि २०१७ मध्ये हॉटस्टारवर दुसरं पर्व आलं. रुपाली गांगुली २०२० पासून ‘अनुपमा’मध्ये घराने गृहीत धरलेल्या बाईची भूमिका करू लागल्या. ‘आई कुठे काय करते!’ आणि ‘अनुपमा’ यांची मूळ बंगाली मालिका एकच. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शाह यांचं निधन झालं, तेव्हा अनेकांना सर्वात आधी आठवला तो इंद्रवदनच.