फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय फुटबॉल संघाने आजवर दोनच वेळा सुवर्णपदक मिळविले आहे : १९५१ साली नवी दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्तात. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक एकच गृहस्थ होते आणि त्यांनी आयुष्याची सुरुवात शाळामास्तर म्हणून केली होती. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादेत त्यांना सारे ‘रहीम साहेब’ म्हणत. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे हे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चित्रपटात सामन्यांचा थरार अधिक असणार. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने पाहावयाचे ते त्यांचे शिकविणे.

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते बी.ए. झाले. विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे ‘इलेव्हन हंटर्स’ या स्थानिक संघातून ते फुटबॉल खेळले. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले, शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव हैदराबादबाहेर फारसे गेले नाही. जी कीर्ती मिळाली ती शिकविण्यामुळे.

त्या काळी आपल्याकडे चेंडू एकट्याने पायाशी खेळवीत पुढे नेणारा खेळाडू मोठा मानला जाई. प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. रहीम साहेबांनी ओळखले की यात दहा जण उभे राहतात आणि एक जण खेळतो. त्यांनी हैदराबादेत निराळ्याच स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी ठेवून पळवायचा नाही, आला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. दुसरीत ज्या पायाने खेळण्याची सवय आहे त्या पायाने मारायचे नाही, कच्च्या पायानेच खेळायचे. शिक्षक बंधू-भगिनींच्या ध्यानात येईल की ही शाळेचीच रीत आहे. ज्या विषयात मूल कच्चे, त्याच विषयाचा अभ्यास जास्त. फरक इतकाच की रहीम साहेबांनी त्या अभ्यासाचा खेळ केला, म्हणून मुले तो हौसेने करू लागली.

त्याचे फळ लवकरच दिसले. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर ज्या जुन्या मुंबईकरांनी ते सामने पाहिले, ते त्या संघाचे नाव कधी विसरले नाहीत.

सारेच दिवस विजयाचे नव्हते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ गोलने हरला. त्या थंडीत आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. रहीम साहेबांनी आपला अभ्यास थांबविला नाही. १९५८ साली ब्राझीलने विश्वचषक जिंकून चार-दोन-चार अशी जी रचना गाजविली, तिच्याशी मिळतीजुळती रचना त्यांनी त्याआधीच वापरली होती, असे जाणकार लिहितात.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४ विरुद्ध २ गोलने हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि अखेर चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एवढी मजल आपण पुन्हा कधी मारलेली नाही.

या मेलबर्नच्या संघात तुळसीदास बलराम नावाचा सिकंदराबादचा एक तरुण होता. घर गरिबीचे. रहीम साहेबांनी त्याचा खेळ हेरून सरावाला बोलाविले, पण रोज हैदराबादला यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रहीम साहेब त्याला रोज एक रुपया देत, ही आठवण बलराम यांनीच पुढे सांगितली आहे. पालकहो, त्या एका रुपयाचा जरूर विचार करावा. मुलात गुण असतो, शिकण्याची इच्छाही असते आणि सगळे अडते ते येण्याजाण्याच्या खर्चावर. असे विद्यार्थी आपल्याही शाळांतून आहेत.

१९६२ साली जाकार्ताला जाताना रहीम साहेबांची प्रकृती चांगली नव्हती. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून २-० ने हरला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. त्यातच इस्राएल व तैवान यांना स्पर्धेतून वगळण्याबद्दल भारतीय अधिकारी सोंधी यांनी हरकत घेतल्याने तेथील जनता भारतीयांवर चिडलेली होती. अशा स्थितीत रहीम साहेबांनी जखमी जर्नैलसिंगना आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्योत अंतिम सामना झाला. पी. के. बॅनर्जी व जर्नैलसिंग यांनी गोल केले आणि त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ ने हरविले. चुनी गोस्वामी कर्णधार होते, गोलरक्षक पीटर थंगराज. हैदराबादचे युसुफ खान, गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको आणि आपले बलराम हेही त्या संघात होते. प्रांत, भाषा आणि धर्म निरनिराळे असलेली ही मुले एकमेकांकडे चेंडू देण्यास शिकली होती.

पुढे नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीम साहेबांचे निधन झाले. वय अवघे ५३. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षे लोटली होती. त्यांचे चिरंजीव एस. एस. हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात होते आणि पुढे तेही प्रशिक्षक झाले.

विद्यार्थी मित्रांनो, रहीम साहेब पदवीधर होते आणि खेळाडूही होते. पुस्तक आणि मैदान यांत त्यांना भांडण दिसले नाही. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देण्याची आपल्या शाळांतून पद्धत आहे, आणि पालकांनाही ते बरे वाटते. गणित हवेच. पण आठवड्यातले खेळाचे दोन तास तरी खेळालाच राहू द्यावेत आणि त्या तासाला मैदानावर शिकविणारा शिक्षक उभा असावा, एवढी विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.