रॅमबस आणि लासलगावचा कांदा

सुट्टीला नाशिकला आलो की गंगापूर रोडवर मित्रांचा अड्डा जमतो. हल्ली विषय एकच, मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे का? एआयसाठी लागणाऱ्या एचबीएम मेमरीचा बोलबाला आहे ना! मला अशा वेळी रॅमबस आठवते.

१९९६ मध्ये इंटेलने रॅमबसशी करार केला. पुढच्या पीसींमध्ये तिचीच आरडीरॅम, असं जवळपास ठरूनच गेलं. रॅमबस स्वतः चिप बनवायची नाही, डिझाइनची रॉयल्टी घ्यायची. २००० मध्ये तिचा शेअर गगनाला भिडला. पण आरडीरॅम महाग, शिवाय तापणारी. त्याआधीच, सप्टेंबर १९९९ मध्ये, इंटेलला ८२० चिपसेट ऐनवेळी थांबवावा लागला होता. त्यावर साधी एसडीरॅम चालावी म्हणून दिलेली जोडचिपही सदोष निघाली आणि मे २००० मध्ये मदरबोर्ड परत मागवायची वेळ आली. २००१ मध्ये पेंटियम ४ साठीही इंटेलने एसडीरॅम स्वीकारली. पुढे स्वस्त डीडीआरने बाजी मारली.

म्हणजे डीडीआरवाल्यांचे शेअर घेणारे तरले? छे! मेमरी म्हणजे आमच्या लासलगावचा कांदा. भाव चढला की सगळेच लावतात, माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळलेला असतो. किमोंडा २००९ मध्ये, एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. दोघीही डीडीआरच बनवायच्या!

कुठलं तंत्रज्ञान चालेल हे आम्ही इंजिनियर कधीकधी ओळखतो. पण तेवढ्याने पैसे मिळत नाहीत. असो. मीही थोडे घातलेत, बुडाले तरी हप्ता चुकणार नाही एवढेच.