बर्झेलियसने आपलंच कपाट उलटं लावलं

आजचा विषय आहे दगडांचं वर्गीकरण. थांबा, स्किप करू नका.

पहिल्या नोकरीत मी एका डेटाबेसची प्रायमरी की चुकीची निवडली होती. सहा महिन्यांनी सगळे टेबल परत लावावे लागले, आणि ‘हे मीच केलंय’ असं मीटिंगमध्ये सांगताना घाम फुटला होता. म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

पूर्वी खनिजं ओळखायची ती मुख्यतः रंग, चकाकी, वजन, कठीणपणा बघून. स्वीडनच्या याकोब बर्झेलियसला हे पटेना. खनिज म्हणजे रासायनिक संयुग, मग वर्गही रसायनावरूनच पाडा, असं त्याने १८१४ मध्ये मांडलं. कप्पे केले धातूंनुसार. लोखंडाची खनिजं एकीकडे, कॅल्शियमची दुसरीकडे.

ऐकायला एकदम लॉजिकल. पण लोखंडाचा कप्पा उघडून बघा. त्यात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक, सोन्यासारखं पिवळं चमकणारं. शेजारी सिडेराइट, लोखंडाचं कार्बोनेट, तपकिरी. दोघांत लोखंड सोडून काही साम्य नाही. उलट सिडेराइट आणि कॅल्साइटचे स्फटिक एकाच घडणीचे, दोन्ही तिरक्या ठोकळ्यांत फुटतात, आणि ती बसली वेगवेगळ्या कप्प्यांत!

त्यात १८१९ च्या सुमारास आइलहार्ड मिट्शरलिखने दाखवलं की स्फटिकाची घडण तशीच ठेवून एक मूलद्रव्य दुसऱ्याची जागा घेऊ शकतं. लोखंडाच्या जागी मॅग्नेशियम, थोडं हे, थोडं ते. असलं मिश्र खनिज ठेवायचं कुठे? म्हणजे बदलणारी व्हॅल्यूच की म्हणून वापरली होती. (हो, सेम टू सेम माझी चूक.)

१८२४ मध्ये बर्झेलियसने स्वतःचीच पद्धत फिरवली. आता वर्ग ऋण भागावरून: ऑक्साइड, सल्फाइड, कार्बोनेट, सल्फेट. तेव्हा त्याचं युरोपभर नाव झालेलं होतं, तरीही.

अमेरिकेत जेम्स ड्वाइट डेनाचंही तेच. १८३७ मध्ये, चोविशीत, त्याने खनिजांना झाडाझुडपांसारखी लॅटिन जोडनावं देणारा ग्रंथ काढला. १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सगळी पद्धत स्वतःच काढून टाकली आणि रसायनाकडे वळला.

नुसतं रसायनही पुरत नाही म्हणा. हिरा आणि ग्रॅफाइट, दोन्ही कार्बनच. म्हणून आज आतली रचनाही धरतात. पण पहिला कप्पा अजून बर्झेलियसचाच. आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत निळंशार कॅव्हनसाइट मिळतं ना, त्याचं नावच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट जोडून केलंय. ते ना कॅल्शियमच्या कप्प्यात, ना व्हॅनेडियमच्या. ते सिलिकेटांत बसतं.