अर्धवट राहिलेला डाव आणि वाणिज्याचे गणित

वाणिज्य शाखेच्या सांख्यिकीच्या पुस्तकात संभाव्यतेचे प्रकरण आले की विद्यार्थी थोडा बावचळतो. तोवर सरासरी, मध्यक, निर्देशांक असे बाजाराशी नाते सांगणारे विषय असतात, आणि इथे एकदम फासे, पत्ते, पिशवीतले लाल-पांढरे चेंडू सुरू होतात. ज्या घरात पत्त्यांना हात लावला की ओरडा बसतो, त्याच घरातला मुलगा परीक्षेसाठी बावन्न पानांतून राजा निघण्याची शक्यता काढत बसतो. व्यापाराचा आणि फाशांचा संबंध काय, असा प्रश्न त्याला पडतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर कोणी देत नाही. सूत्र पाठ होते, गुण मिळतात आणि प्रकरण मागे पडते. हा संबंध मात्र पाचशे वर्षांहून जुना आहे आणि जाणून घेण्यासारखा आहे.

सुरुवात आपल्याच घरातून करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याची व्यथा सांगणारे अक्षसूक्त आहे. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळे वापरीत. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यानातही हाच बेहडा भेटतो. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ हाकताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून पाने किती, फळे किती ते सांगतो. नलाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. या विद्येचे नियम महाभारत देत नाही. परंतु फाशांचे मर्म आणि मोजदाद या दोन गोष्टी कथाकाराने एकत्र आणल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मोजण्याची कला आपल्याकडे पुढे चांगली वाढली. सहा रस वेगवेगळ्या प्रकारे एकत्र केले तर किती चवी होतील, हा प्रश्न भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'लीलावती'त आहे. उत्तर ६३. मात्र या मोजणीतून 'शक्यता किती' हा प्रश्न गणित म्हणून उभा राहिला तो युरोपात, आणि तोही एका हिशेबनिसांच्या पुस्तकातून.

लुका पाचोली हे नाव वाणिज्याच्या विद्यार्थ्याला परके नाही. दुहेरी नोंद पद्धतीचे पहिले छापील विवेचन त्याच्या १४९४ साली व्हेनिसमध्ये निघालेल्या ग्रंथात आहे. जमा-खर्चाच्या त्याच ग्रंथात आणखी एक प्रश्न आहे. दोन खेळाडूंनी सारखी रक्कम लावून डाव मांडला, खेळ मध्येच थांबला, तर पणाची रक्कम कशी वाटायची? प्रश्न खेळाचा दिसतो, पण पोटात भागीदारीचा आहे. अर्ध्यावर मोडलेल्या धंद्याची वाटणीही अशीच करावी लागते. पाचोलीने उत्तर दिले की ज्याने जितके डाव जिंकले त्या प्रमाणात वाटा. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण शंभर डावांच्या खेळात पहिलाच डाव झाला असेल तर? तो जिंकणाऱ्याने सगळीच रक्कम घ्यायची का? सोळाव्या शतकात तार्तालियाने हा दोष दाखवला आणि हा प्रश्न गणितापेक्षा न्यायाधीशाचा आहे, असे मत दिले.

उत्तर मिळाले ते १६५४ साली, फ्रान्समध्ये, पास्काल आणि फेर्मा यांच्या पत्रव्यवहारात. पास्कालचेच उदाहरण घेऊ. दोघांनी बत्तीस-बत्तीस मोहरा लावल्या, एकूण ६४. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सर्व मिळायच्या. पहिल्याने दोन जिंकले, दुसऱ्याने एक, आणि खेळ थांबला. पाचोलीच्या हिशेबाने पहिल्याला ४२ मोहरा आणि दोन-तृतीयांश मिळतील. पास्काल म्हणतो, पुढचा डाव झाला असता तर काय झाले असते ते पाहा. पहिला जिंकला तर ६४ त्याच्या. हरला तर दोघे बरोबरीत येऊन ३२ त्याच्या. म्हणजे ३२ तर कुठे जात नाहीत. उरलेल्या ३२ ची शक्यता निम्मी-निम्मी, म्हणून त्यातल्या १६. एकूण ४८, आणि दुसऱ्याला १६. फेर्माने उरलेल्या दोन डावांचे चारही प्रकार मांडले. त्यातल्या तिनांत पहिला जिंकतो, एकात दुसरा. उत्तर तेच.

पाचोलीने झालेल्या डावांकडे पाहिले, या दोघांनी व्हायच्या डावांकडे. विमा, शेअर, कर्ज, माल भरून ठेवणे, या सगळ्या व्यवहारांत आपण हेच करतो. जे घडले नाही त्याला आज किंमत लावतो.

तीन वर्षांनी, १६५७ मध्ये, हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने या विषयावरची पहिली छापील पुस्तिका काढली. तिच्या शेवटी त्याने पाच उदाहरणे वाचकांसाठी ठेवली आणि ती कशी सोडवायची ते मुद्दामच लिहिले नाही. आपल्या पुस्तकातील 'सरावासाठी उदाहरणे' या शीर्षकाची परंपरा या विषयात तिथपासूनची. या पाच प्रश्नांवर पुढच्या पिढीतल्या मोठमोठ्या गणितज्ञांनी डोके चालवले. याकोब बर्नुलीच्या १७१३ साली निघालेल्या ग्रंथाचा पहिला भाग म्हणजे हायगेन्सची पुस्तिका आणि तिच्यावरचे भाष्य. सरावाची उदाहरणे सोडवता सोडवता हे शास्त्र वाढले आहे.

आणि सराव टाळला की काय होते त्याचाही दाखला आहे. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती? फ्रेंच विद्वान दालांबेर याने १७५४ साली विश्वकोशातील लेखात असा विचार मांडला की पहिल्याच वेळी छापा आला तर खेळ संपला. म्हणून प्रकार तीनच, त्यात अनुकूल दोन, उत्तर दोन-तृतीयांश. खरे उत्तर तीन-चतुर्थांश आहे. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार प्रकार कागदावर लिहिले की शाळकरी मुलालाही ते दिसते. दालांबेरची बुद्धी कमी नव्हती. त्याने धरलेले तीन प्रकार सारख्या शक्यतेचे नव्हते, एवढीच गोष्ट निसटली. या प्रकरणातल्या निम्म्या चुका आजही अशाच होतात.

हळूहळू फाशांची जागा माणसांच्या आयुष्याने घेतली. ब्रेस्लाउ शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन एडमंड हॅलीने १६९३ मध्ये वयानुसार जगण्याच्या शक्यतेचे कोष्टक तयार केले आणि कोणत्या वयाच्या माणसाला वर्षासनाची किती किंमत आकारावी ते दाखवले. त्या काळी इंग्लंडचे सरकार वय न पाहता सगळ्यांना एकाच भावाने वर्षासने विकत होते. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेला हॅली तो हाच. आपल्याकडे विमा आला तो इंग्रजांबरोबर, आणि सुरुवातीला हिंदी माणसाचे आयुष्य जास्त धोक्याचे समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी माणसांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला. शक्यतेचा आकडा कोण ठरवतो आणि कशावरून, यावर माणसाच्या खिशातले पैसे अवलंबून असतात, ते असे.

गोमंतकीयांनी अभिमानाने सांगावा असा या विषयातला धागा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे हे पुत्र, जन्म १९०७, गोव्यातलाच. इतिहासकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण पेशाने ते गणितज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन चांदीच्या आहत नाण्यांचा अभ्यास हाती घेतला. या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल. कोसंबींनी विचार केला की नाणे या हातातून त्या हातात जाताना दर वेळी किंचित झिजते. कोणते किती झिजेल ते सांगता येत नाही, पण हजार नाणी एकत्र घेतली तर जितकी वर्षे ती फिरली असतील तितके सरासरी वजन घटेल आणि वजनांतला फरकही वाढत जाईल. हे खरे ठरते का ते पाहायला त्यांनी चालू चलनातली नाणी हजारोंनी वजन करून पाहिली. मग त्या आधारे प्राचीन नाण्यांचे गट काळानुसार लावले. व्यवहारात फिरलेल्या नाण्यांच्या झिजेतून व्यापाराचा इतिहास वाचण्याचे हे काम १९४० च्या दशकात प्रसिद्ध झाले. बेहड्याची फळे मोजणाऱ्या नलाचीच ही जात.

आता आपल्या अंगणातले एक उदाहरण सोडवू. जत्रेत सहा चित्रांचा जुगार पुष्कळांनी पाहिला असेल. समजा तीन फासे आहेत. तुमच्या चित्रावर रुपया लावला. ते एका फाशावर आले तर एक रुपया मिळतो, दोनांवर आले तर दोन, तिन्हींवर आले तर तीन, आणि लावलेला रुपया परत. खेळणारा म्हणतो, चित्रे सहा, फासे तीन, म्हणजे निम्मी संधी माझी. वर दुप्पट-तिप्पट मिळाले तर तो फायदाच. हिशेब मांडा. तीन फाशांचे एकूण प्रकार २१६. त्यातले १२५ असे की तुमचे चित्र येतच नाही. एकदा येते ते ७५, दोनदा १५, तीनदा १. मिळकत ७५ अधिक ३० अधिक ३, म्हणजे १०८ रुपये, नुकसान १२५. दर २१६ रुपयांमागे १७ रुपये फडवाल्याचे, म्हणजे शेकडा जवळजवळ आठ. फासे अगदी खरे असतानाही.

मांडवीतल्या जहाजांवर चालते तेही हेच गणित. १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या झाल्या आणि गोव्यात आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना, मग जहाजांवरच्या पटांना मुभा मिळाली. एका शून्याच्या चक्रात खण ३७ असतात आणि जिंकणाऱ्याला एकास पस्तीस मिळतात. शंभर रुपयांमागे मालकाचे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. आकडा लहान वाटतो, पण बर्नुलीने सिद्ध केलेला नियम असा की प्रयत्न जसजसे वाढतात तसतसे प्रत्यक्ष प्रमाण अपेक्षित प्रमाणाच्या जवळ येते. विमा कंपनी आणि कॅसिनो दोघेही याच नियमावर उभे आहेत. विमेदार थोडे पैसे देऊन आपली अनिश्चितता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. जुगारी पैसे देऊन ती विकत घेतो.

म्हणून व्यवसाय-सांख्यिकीच्या या प्रकरणाला कंटाळू नये. सूत्राकडे धावण्याआधी सारे प्रकार कागदावर ओळीने लिहावेत, ते सारख्या शक्यतेचे आहेत का ते तपासावे आणि मगच मोजावे. दहा उदाहरणे अशी सोडवली की अकरावे आपोआप सुटते. परीक्षेत त्याचे पाच-दहा गुण मिळतील. पण उद्या कोणी गुंतवणुकीचे, लॉटरीचे किंवा विम्याचे आमिष घेऊन दारात आला, तर '२१६ पैकी किती?' असे त्याला विचारण्याची सवय लागेल, आणि ती आयुष्यभर पुरेल.