मैदानावरील पंक्तिप्रपंच

एखाद्या खेळाडूचे मोल किती, हा वाद वरवर पाहता रिकामटेकड्यांचा भासतो. जळगावास किंवा धुळ्यास सायंकाळी महाविद्यालयाच्या बाजूने फेरी मारावी, तो चहाच्या टपरीवर दहापाच विद्यार्थी कोठल्याशा परदेशी फुटबॉल संघाच्या मधल्या फळीतील खेळाडूवरून हमरीतुमरीवर आलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, याने वर्षभरात गोल किती केले ते दाखवा. दुसरा म्हणतो, पुढच्या फळीला चेंडू पोचविला कोणी ते आधी सांगा. दोन्ही पक्ष एकाच संघाचे भक्त असतात, आणि म्हणूनच भांडण अधिक कडाक्याचे होते. आम्हांस फुटबॉलचे ज्ञान यथातथाच. परंतु हे भांडण आम्ही कान देऊन ऐकतो. मधल्या फळीच्या खेळाडूचे काम आकड्यांत मावत नाही. जे आकड्यांत मावत नाही त्याचे मोल ठरविताना प्रत्येकजण आपापली मोजपट्टी बाहेर काढतो, आणि तीवरून खेळाडूपेक्षा मोजणाराच अधिक कळून येतो.

महाराष्ट्रात असा एक वाद पूर्वी होऊन गेला आहे. तो फुटबॉलचा नव्हे, क्रिकेटचा. आणि त्याचा उगम पुण्यामुंबईचा असला तरी त्याचे एक टोक आमच्या खानदेशापर्यंत, धुळ्याशेजारच्या लळिंगच्या डोंगरापर्यंत येऊन पोचते. पालवणकर बाळू या गोलंदाजाविषयीचा तो वाद होय.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले; वडील फौजेच्या चाकरीत. पुण्यास एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, या कामाबद्दल मुलास महिना तीन रुपये मिळत. पुढे तो गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला. तेथे साहेब लोकांस जाळ्यात सराव देण्यासाठी त्याच्या हाती चेंडू आला. ग्रेग नावाचा एक नाणावलेला इंग्रज फलंदाज त्यास तासन् तास गोलंदाजी करावयास लावी. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे तो देई, असेही सांगतात. बॅट मात्र त्या मुलाच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हे धन्याचे काम, गोलंदाजी हे गड्याचे, अशी वाटणी त्या क्लबात जणू ठरूनच गेली होती. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढील सर्व प्रकरणाचे बीज त्यात आहे.

पुण्याच्या हिंदु क्लबापुढे तेव्हा मोठाच पेच पडला. गोऱ्यांस हरवावयाचे तर असा गोलंदाज हवा. आणि घ्यावयाचा तर तो अस्पृश्य. सभासदांत दोन तट पडले. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली, व बाळूंस संघात घेण्यात आले. परंतु ते घेणे कसे? मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलावयाचा. खेळ थांबला की इतर मंडळी आत चहा घेणार आणि बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या टाकाऊ भांड्यातून तो प्यावयाचा. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूस विटाळ नाही, कपास आहे! आमच्या धर्मशास्त्राने चर्मकाराच्या हातचे पाणी वर्ज्य मानले, पण त्याच्या हातून आलेल्या चामड्याच्या चेंडूविषयी व्यवस्था देण्याचे ते विसरले असावे.

पुढे बाळू मुंबईस आले आणि हिंदु जिमखान्याचे मुख्य गोलंदाज झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदु संघाने मुंबईत युरोपियन संघास प्रथमच गाठले. हिंदूंचे २४२ व १६०. युरोपियनांचे १९१ व १०२. एकशे नऊ धावांनी हिंदु जिंकले. बंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. याच १९०६ साली आमच्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे झाले, आणि जळगाव व धुळे यांच्या वाटा सरकारदप्तरी वेगळ्या झाल्या. बाळूंच्या जोडीस त्या सामन्यात त्यांचे बंधु शिवराम हेही होते. मुंबईच्या सुधारकी पत्रांनी या विजयात क्रिकेटपेक्षा अधिक काही पाहिले: पुण्याचे ब्राह्मण व हे दोन बंधु एका संघात खेळले, म्हणून ही जीत झाली, असा त्यांचा अर्थ. जुन्या मताच्या मंडळींसही विजय हवाच होता. अर्थ तेवढा नको होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली पहिला हिंदी संघ इंग्लंडास गेला. चौदा प्रथम श्रेणीचे सामने झाले. त्यांपैकी दोन जिंकले, दहा हरले. अशा पडत्या संघात बाळूंनी सर्व सामने मिळून शंभरावर गडी बाद केले, प्रथम श्रेणीत पाऊणशे. त्या वर्षीचा इंग्लंडातील उन्हाळा विलक्षण कोरडा व उष्ण होता. ओलसर खेळपट्टीची जी मदत फिरकी गोलंदाजास त्या देशात मिळावयाची ती फारशी मिळण्याजोगी नव्हती. शिवाय गोलंदाजाचे यश निम्मे परस्वाधीन. झेल सुटला की त्याची विद्या फुकट. संघ हरत असता एकाच माणसाचे मोल काय, असा प्रश्न टपरीवरचे विद्यार्थी विचारतात. त्यास १९११ चा हा दौरा हे आमचे उत्तर आहे.

येथवर बाळूंच्या हाताविषयी कोणाचे दुमत नव्हते. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ गडी, तेही दर गड्यास सुमारे पंधरा धावा देऊन, ही नोंद शत्रूसही नाकारता येत नाही. वाद होता तो डोक्याविषयी. डावखुऱ्या गोलंदाजाचे काम निव्वळ हाताचे नसते. चेंडू हवेत रेंगाळवून फलंदाजास पुढे ओढावयाचे, दोन वळवून तिसरा सरळ टाकावयाचा, आणि हे मनाशी ठरवून क्षेत्ररक्षक आधीच हलवावयाचा: सहाव्या चेंडूचा बेत पहिल्या चेंडूपासून रचलेला असतो. संघनायक यापरते निराळे काय करतो? परंतु हिंदु संघाचे नायकत्व ठरविणारी मंडळी वर्षामागून वर्षे बाळूंचा हात घेत राहिली आणि डोके नाकारीत राहिली. ते ज्येष्ठ, ते अनुभवी. पण नायक दुसराच. नायक झालेले एम. डी. पै यांनी १९१३ च्या सुमारास एका सत्काराच्या प्रसंगी जाहीरपणे कबूल केले की, हा मान वस्तुतः बाळूंचा होता. पै यांचा हा मोठेपणा होय. पण मोठेपणाच्या शब्दांनी नायकत्व हस्तांतरित होत नाही. पै नायक राहिले आणि बाळू गोलंदाज.

धावफलकांतील एक बारीक गोष्ट आम्हांस नेहमी टोचते. पै हे पै म्हणून, देवधर हे देवधर म्हणून लिहिले जात. हे बंधु मात्र पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल. चौघे भाऊ एकाच आडनावाचे, तेव्हा वेगळे ओळखता यावेत म्हणून असे केले, हे समर्थन अगदीच खोटे नाही. तरी घरच्या गड्यास आडनावाने हाक मारण्याची आपल्याकडे रीत नाही, हेही तितकेच खरे.

१९२० साली हा दबलेला वाद उघड्यावर आला. मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यातून बाळूंस वगळण्यात आले. पै आजारी होते; नायकत्व देण्यात आले दि. ब. देवधरांस. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण या प्रकरणावर लिहिणारे त्या सहसा एकत्र कालवितात. बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्या वयाच्या गोलंदाजास विश्रांती द्यावी, असे कोणास प्रामाणिकपणे वाटले असेल, तर त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु त्यांचे बंधु विठ्ठल हे संघाचे आघाडीचे फलंदाज होते, आणि वयाने व अनुभवाने देवधरांहून ज्येष्ठ होते. वयाचे कारण त्यांस लागू पडत नव्हते. गोलंदाजी गड्याचे काम म्हणावे, तर विठ्ठलांनी धन्याचे काम करून दाखविले होते. तरीही ते डावलले गेले. म्हणजे मोजपट्टी खेळाची नव्हतीच. देवधर हे पुढे मोठे नायक ठरले. १९३९–४० व १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो त्यांच्याच हाताखाली. ते संस्कृतचे अध्यापक, आमच्याच व्यवसायाचे. त्यांच्या गुणांविषयी आम्हांस आदर आहे. पण १९२० साली ते अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या नेमणुकीस केवळ गुण कारण झाला असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्याचे नाकारले, आणि आपले निवेदन ‘बॉम्बे क्रॉनिकल’ पत्रात प्रसिद्ध केले. हिंदु समर्थकांत सरळ दोन तट पडले. शिस्त मोडली, ऐन सामन्याच्या तोंडावर संघास अडविले, असे एक तट म्हणे. चौदापंधरा वर्षे राबवून घेतले आणि आता गरज सरो वैद्य मरो, असे दुसरा म्हणे. त्याच वर्षाअखेर नागपूरच्या काँग्रेसने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यता घालविण्याचे आवाहन हिंदूंस केले होते. वारा फिरत चालला होता, हे निवड करणाऱ्यांसही उमगले असावे. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परत आले, दोघे बंधु परत आले, आणि बाळूंस उपनायक नेमण्यात आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदु संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. सारी हयात खर्ची घालून मिळालेले नायकत्व ते इतकेच.

विठ्ठल १९२३ मध्ये नायक झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले, आणि सवर्ण हिंदूंनीच विठ्ठलांस खांद्यावर घेऊन मिरविले. पुढे १९२५ व १९२६ मध्येही त्यांच्या नायकत्वाखाली विजय मिळाला. डोके नव्हते, असे मग कोणी म्हणेना. विठ्ठलांनी ही सारी हकीकत १९४८ साली ‘माझे क्रीडाजीवन’ या मराठी पुस्तकात लिहून ठेविली आहे. खेळाडूने स्वतः लिहिलेली इतकी मोलाची साक्ष मराठीत असता आमचे वाचक हा इतिहास इंग्रजी ग्रंथांतून वाचतात, याचे आम्हांस नवल वाटते.

आता लळिंगच्या टोकाकडे वळू. बाळूंनी आपल्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष असा की, आत राहून, गुण दाखवून, हिंदु समाजास हळूहळू वळविता येते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. डॉ. आंबेडकरांचीही आहे, पण नाइलाजाने केलेली. याच बाळूंविषयी आंबेडकरांस पूर्वी अभिमान वाटे. आता दोघांचे मार्ग दुभंगले. फेब्रुवारी १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंस उभे केले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. कराराप्रमाणे मतदारसंघ संयुक्त होता, अर्थात सवर्ण मतदारही त्यात होते. ज्यांनी पूर्वी बाळूंच्या चेंडूंवर टाळ्या वाजविल्या, त्यांतील कित्येकांच्या हाती आता त्यांच्याविषयीची मतपत्रिका आली होती. परंतु प्रश्न आता गोलंदाजीचा नव्हता. आंबेडकरांच्या अनुयायांस बाळूंचे मोल काँग्रेसच्या हातातील मोहऱ्याइतके वाटले, तर काँग्रेसवाल्यांस दोन हजार मतांनी कमी पडलेल्या उमेदवाराइतके. आमच्या मते दोन्ही मोजण्या अपुऱ्या होत. आंबेडकरांची दूरदृष्टी बाळूंपाशी नव्हती, हे निर्विवाद. परंतु बाळूंची श्रद्धा भाबडी होती असे म्हणणाऱ्याने १९२३ चा प्रसंग कोठे ठेवावा? आणि ती श्रद्धा खरी ठरली असे म्हणणाऱ्याने त्यापूर्वीची सतरा वर्षे कोठे ठेवावी?

त्या निवडणुकीनंतर पाच महिन्यांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, डॉ. आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या रानातील लांडोर बंगल्यात उतरले. त्या मुक्कामाच्या स्मरणार्थ दर वर्षी ३१ जुलैस तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. पावसाळी दिवस असतात, डोंगर हिरवा झालेला असतो, आणि पूर्वीच्या दोन्ही खानदेशांतील माणसे, जळगावकडची व धुळ्याकडची, एका वाटेने बंगल्याकडे चालत असतात. त्यांच्यांत आमचे विद्यार्थीही असतात. १९३७ साल त्यांस चांगले ठाऊक आहे. त्या सालच्या ११,२२५ मतांचा धनी कोण होता, असे वर्गात विचारले तर बहुधा सारे गप्प बसतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी क्रिकेटवेडा मुलगा हळूच विचारतो, सर, १९११ चा तोच बाळू का?