साथरोगांचे अर्थकारण : मांडवी ते जामबाग

साथरोगाची आर्थिक हानी दोन प्रकारची असते. उपचारांचा खर्च, मृत्यू आणि आजारपणात बुडालेले कामाचे दिवस ही प्रत्यक्ष हानी होय. संसर्गाच्या भीतीने किंवा निर्बंधांमुळे थांबलेला व्यवहार ही अप्रत्यक्ष हानी होय. यांतील दुसरी पुष्कळदा मोठी ठरते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. मजुरांची टंचाई निर्माण झाल्याने अनेक गिरणीमालकांना मजुरी रोजच्या रोज चुकती करावी लागली. बंदराचा व्यापारही परदेशांच्या निर्बंधांत अडकला. १८९८ मध्ये मुंबईत नगरसुधारणेसाठी न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. मात्र विस्थापित गरिबांना तेवढ्याच भाड्यात घरे मिळाली नाहीत.

हैदराबादेतही काहीसा हाच क्रम दिसतो. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरातून सावरणाऱ्या या शहराला १९११ मध्ये प्लेगने ग्रासले आणि १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ अस्तित्वात आले.

रोगापेक्षा भीती महाग पडते, याचा ठळक दाखला १९९४ मधील सुरतचा. तेथे प्लेगने झालेले मृत्यू शंभराच्या आत होते; तरीही लाखो लोक शहराबाहेर पडले, हिरे आणि कापड उद्योग थंडावले, काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली.

कोरोनाकाळात हा भार कोणावर पडला, हे हैदराबादच्या जामबागसारख्या भागाच्या आधारे समजून घेता येते. कोठीलगतचा हा भाग मराठी माणसाला विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेमुळे परिचित आहे, तर शहराला फुलांच्या व्यापारामुळे. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. तो दिवस उगादीचा, म्हणजेच गुढीपाडव्याचा होता. तेथून रामनवमीपर्यंत फुलांना मागणी असते. पण मंदिरे बंद आणि समारंभ स्थगित होते. कापड व्यापाऱ्याचा माल पुढे विकला जाऊ शकतो. तोडलेले फूल दुसऱ्या दिवशी मातीमोल होते. म्हणजेच फुलांची विक्री लांबणीवर पडत नाही, ती कायमची बुडते. तिच्याबरोबर शेतकरी, हमाल, टेम्पोचालक आणि हार ओवणारे यांची त्या दिवसाची कमाईही जाते.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटले. असे सरासरी आकडे ही विषमता झाकून टाकतात. पगारदाराचे उत्पन्न बहुधा चालू राहते, साठा करू शकणारा थांबू शकतो. नाशवंत मालावर आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला थांबता येत नाही. म्हणून साथीच्या काळातील मदतीचे मूल्य तिच्या रकमेइतकेच ती किती लवकर पोहोचते यावरही ठरते.