साकव आणि चिंच

लहानपणी आमच्या व्हाळावर माडाच्या खोडाचा साकव होता. आजी सांगायची, "पाण्याकडे बघू नको रे, पलीकडची दरड बघ." वाहते पाणी नजर ओढते आणि नजरेमागून तोल जातो, हे आम्ही असे शिकलो.

हैदराबादला अफझलगंजात, उस्मानिया इस्पितळाच्या आवारातली चिंच पाहिली, तेव्हा तो साकव आठवला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. अफझल पुलासकट तीन पूल वाहून गेले. सुमारे १५ हजार माणसे दगावली असे सांगतात. या चिंचेवर चढलेली दीडशेच्या आसपास माणसे मात्र वाचली.

पायाखाली फांदी, तिच्याखाली पूर आणि नजर लावायला पलीकडचा काठच नाही! आम्हाला चार पावलांपुरता तोल सांभाळायचा असे, तोही रोजच्या सरावाने. त्यांना सराव कुठला?

पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर धरण झाले. आमच्या व्हाळावरही आता सिमेंटचा पूल आहे. मुलांना तोल शिकवायला साकव उरला नाही. पावसाळ्यात व्हाळ मात्र अजून चढतोच.